पान कीवर्डनं भरलंय, तरी फोन वाजत नाही: कुठून तपासायला लागायचं

छोट्या धंद्यांच्या मराठी वेबसाइट दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. गिऱ्हाइकं वेगवेगळी असतात, मसाले, लॉज, पंपदुरुस्ती, क्लासेस, पण पान उघडलं की आजार बहुतेक वेळा एकच निघतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, "कीवर्ड टाका," म्हणजे लोक गूगलवर ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द पानावर घाला. आणि त्यांनी ते फोडणीत मोहरी टाकावी तसे टाकलेले असतात. हीच दुरुस्ती इतक्या वेळा केली आहे की आता माझा क्रम ठरून गेलाय. सोपं आणि फुकटचं आधी, वेळखाऊ आणि खर्चाचं नंतर. तोच इथे देतोय.

लक्षणं

पुढच्यातली दोन-तीन जुळली तरी खाली वाचायला हरकत नाही.

- धंद्याचं नाव टाकलं तर पान सापडतं, कामाचं नाव टाकलं तर सापडत नाही.
- सर्च कन्सोलमध्ये (आपलं पान शोधात कसं दिसतं ते दाखवणारं गूगलचं फुकट साधन) पान लोकांना दिसल्याची नोंद आहे, पण क्लिक जवळजवळ नाहीत.
- गूगलवर दिसणारं शीर्षक तुम्ही लिहिलेलं नाही, भलतंच आहे.
- जे चार फोन येतात ते पानावर असायलाच हवी होती अशी माहिती विचारतात.
- वाक्यांत शब्द विभक्तीशिवाय सुटे पडलेत. घरातल्या कुणाला वाचायला दिलं तर ते विचारतात, "हे भाषांतर आहे का?"

शेवटचं लक्षण सगळ्यात पक्कं. नमुना म्हणून पुण्यातल्या टाक्या धुणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या पानाची सुरुवात, ओळख पटेल असं सगळं काढून:

"पाणी टाकी सफाई पुणे ही आजच्या काळाची गरज आहे. जर तुम्ही पाणी टाकी सफाई पुणे शोधत असाल तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. आमची पाणी टाकी सफाई पुणे सेवा ही सर्वोत्तम पाणी टाकी सफाई पुणे सेवा आहे."

तीन वाक्यांत तोच तुकडा चार वेळा, आणि टाकी धुण्याबद्दल माहिती शून्य. हे पान आपण शेवटपर्यंत हाताशी ठेवू.

१. पान गूगलकडे पोचलंय का? (दोन मिनिटं, फुकट)

ही तपासणी मी पूर्वी शेवटी करायचो. एकदा एका लॉजच्या पानावर तीन दिवस घालवले, वाक्यन् वाक्य नव्यानं लिहिलं, आणि मग कळलं की वेबसाइट बांधताना लावलेली एक टिक कुणी काढलीच नव्हती. तेव्हापासून हिचा पहिला नंबर.

वेबसाइट वर्डप्रेस या तयार साधनावर बांधलेली असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग या पानावर जा. तिथे तळाशी शोधयंत्रांनी ही साइट घेऊ नये अशा अर्थाची एक चौकट असते. वेबसाइट अर्धवट असताना बांधणारा ती मुद्दाम लावतो, ते बरोबरच आहे. काम संपल्यावर काढायची मात्र राहून जाते. चौकट रिकामी असेल आणि सर्च कन्सोल जोडलेलं असेल, तर वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाका. पान गूगलवर आहे की नाही ते तिथे थेट सांगितलेलं असतं. नसेल तर कारणही दिलेलं असतं.

पान तिथे नसेल तर खालचं काहीच करू नका. जे दुकान उघडलंच नाही त्याची पाटी रंगवण्यात अर्थ नाही.

२. मोठ्यानं वाचा (पाच मिनिटं, फुकट)

मनात वाचून चालत नाही, कारण डोळे सवयीनं पुढे सरकतात. तोंडानं वाचलं की जीभ अडखळते. अडखळली की तिथे पेन्सिलीची खूण करायची. "आमची पाणी टाकी सफाई पुणे सेवा" हे गिऱ्हाइकाला फोनवर म्हणून बघा. पलीकडचा माणूस "काय?" म्हणेल.

ही निव्वळ शुद्धलेखनाची हौस नव्हे. एके काळी शोधयंत्रं शब्द किती वेळा आला ते खरंच मोजायची आणि असली पानं वर यायची. ते दिवस संपत आले २००३च्या नोव्हेंबरपासून. तेव्हा गूगलनं केलेला बदल धंद्यातले लोक 'फ्लोरिडा' म्हणून ओळखतात. २०११मध्ये पांडा, २०१२मध्ये पेंग्विन आले, आणि उथळ पानं नि फसवे जोडदुवे त्यात सापडले. २०१३च्या हमिंगबर्डनं सुट्या शब्दांऐवजी अख्खा प्रश्न समजून घ्यायला सुरुवात केली. आपल्या कामाचा बदल मात्र २०१९चा. त्या ऑक्टोबरमध्ये गूगलनं इंग्रजी शोधासाठी बर्ट ही प्रणाली लावली आणि डिसेंबरमध्ये ती सत्तरहून जास्त भाषांत आणली. त्या यादीत मराठीही होती. वाक्यातले लहानसहान शब्द, म्हणजे कशासाठी, कुठून, कुणाला हे सांगणारे, अर्थ कसा फिरवतात हे ती बघते.

मराठीत हे लहान शब्द असतात कुठे? ते शब्दाला चिकटलेले असतात. ला, नं, ची, त, हून, साठी. टाकीत, टाकीची, टाकीसाठी, टाकीला. "पुण्याहून मुंबईला" आणि "मुंबईहून पुण्याला" यांतला सगळा फरक त्या शेपटांत आहे. कीवर्ड जसाच्या तसा बसवायच्या हट्टापायी आपण नेमकी तीच छाटतो. म्हणजे वाचणाऱ्याला जे टोचतं त्यानंच यंत्रालाही अर्थ लावायला कमी मिळतं.

उपाय साधा: शब्दाला विभक्ती घेऊ द्या, सामान्यरूप होऊ द्या. पाणी टाकी नको, पाण्याची टाकी. सफाई पुणे नको, पुण्यात सफाई. मधे दुसरे शब्द आले तरी बिघडत नाही.

३. शब्द मोजा, पण टक्केवारीसाठी नव्हे (दहा मिनिटं, फुकट)

संगणकावर पान उघडा, कंट्रोल धरून एफ दाबा, मुख्य शब्द टाका. किती वेळा आला याचा आकडा येईल. आता "दर शंभर शब्दांत दोन" किंवा "तीन टक्के" असलं काही कानावर पडलं असेल तर विसरून जा. असं कुठलंही प्रमाण गूगलनं दिलेलं नाही. एकेका ठिकाणी जाऊन एवढंच बघा: हा शब्द इथून काढला, किंवा त्याच्या जागी 'ती', 'हे काम', 'आम्ही' घातलं, तर अर्थ हरवतो का? हरवत नसेल तर काढा.

मराठीपुरती एक गंमत लक्षात ठेवा. 'टाकी' शोधलं तर टाकीत, टाकीची, टाकीवर सगळं सापडतं. पण 'टाक्या' सापडत नाही. आणि 'पाणी' शोधलं तर 'पाण्याची' अजिबात सापडत नाही, कारण तिथे णी-चा ण्या झाला. पानभर पाण्याबद्दल लिहिलंय आणि मोजणारं सॉफ्टवेअर सांगतंय, 'पाणी' शून्य वेळा! हाच घोटाळा पुढच्या तपासणीत मोठा होतो.

४. हिरव्या दिव्याचा नाद (अर्धा तास)

वर्डप्रेसमध्ये एसईओची, म्हणजे पान शोधात वर आणायच्या कामाची, प्लगइन (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर) असतात. तुम्ही मुख्य कीवर्ड लिहायचा आणि ती लाल, नारिंगी, हिरवा दिवा दाखवणार. इंग्रजीत याचा थोडाफार उपयोग होतो. मराठीत मात्र मी पाहिलेली बहुतेक पानं या दिव्यानंच बिघडवली आहेत.

टाकीवाल्यांच्या पुतण्यानं पान लिहिलं होतं. मुलगा हुशार, मराठी चांगलं. त्याचा पहिला मसुदा मी मागवून घेतला तर तो ठीक होता: "पुण्यातल्या पाण्याच्या टाक्या आम्ही धुऊन देतो." प्लगइननं लाल दिवा दाखवला. कीवर्ड पहिल्या परिच्छेदात नाही, म्हणे. का? तर चौकटीत लिहिला होता "पाणी टाकी सफाई पुणे", आणि प्लगइन तो तुकडा अक्षर न् अक्षर तसाच शोधत होतं. पुण्यातल्या म्हणजे पुणे आणि टाक्या म्हणजे टाकी हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग पोरानं एकेक वाक्य मोडून त्यात तुकडा घुसवला. दिवा हिरवा झाला, मराठी मेलं.

तो दिवा गूगलचा नव्हे, प्लगइनचा आहे. गूगल तो बघतही नाही. प्लगइन काढून टाकायची गरज नाही, शीर्षक आणि वर्णन भरायला ते सोयीचं असतं. कीवर्डची चौकट मात्र रिकामी ठेवा, किंवा तिच्यात 'टाकी'सारखा एकच, फारसा न बदलणारा शब्द टाका आणि पुढे दिव्याकडे दुर्लक्ष करा.

५. शीर्षक, वर्णन आणि चित्रांमागचा मजकूर (पाऊण तास)

या पानाचं शीर्षक होतं: "पाणी टाकी सफाई पुणे | टाकी क्लीनिंग पुणे | वॉटर टँक सफाई | बेस्ट टाकी सफाई सेवा पुणे". गूगलनं २०२१च्या ऑगस्टमध्ये शीर्षकं दाखवण्याची पद्धत बदलली. तेव्हापासून असं कोंबलेलं शीर्षक दिसलं की ते पानावरचंच दुसरं काहीतरी, बहुतेकदा मोठ्या अक्षरातला मथळा, उचलून दाखवू शकतं. तुमचं शीर्षक बदललेलं दिसत असेल तर चिडण्याआधी मूळ एकदा वाचा. आम्ही केलं: "पुण्यात घरच्या आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांची सफाई". काय आणि कुठे, एवढ्यात मावलं.

शीर्षकाखाली दिसणारं वर्णन क्रमवारीत वर नेत नाही. पण क्लिक करावं की नाही हे माणूस तेच वाचून ठरवतो. तिथे कीवर्ड भरण्यापेक्षा किती वेळ लागतो, कुठल्या भागात येता हे सांगा. गूगलला पटलं नाही तर तेही ते बदलून पानातला तुकडा दाखवतं.

'मेटा कीवर्ड्स' नावाची एक चौकट काही जुन्या वेबसाइटमध्ये असते आणि लोक तिच्यात चाळीस-चाळीस शब्द लिहितात. क्रमवारीसाठी आपण ती वापरत नाही, असं गूगलनं २००९मध्येच जाहीर केलं आहे. तिच्यात वेळ घालवू नका.

चित्रांना जोडायचा पर्यायी मजकूर हा मुळात ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी आहे. त्यांचं स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतं. सात फोटोंना सात वेळा "पाणी टाकी सफाई पुणे" लिहिलंत, तर त्या माणसाला तेच सात वेळा ऐकावं लागतं. फोटोत आहे ते लिहा: "गच्चीवरच्या टाकीतून उपसलेला गाळ".

६. गावांची आणि पेठांची यादी

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "कोथरूड टाकी सफाई, कर्वेनगर टाकी सफाई, वारजे टाकी सफाई, बावधन टाकी सफाई…" अशी माळ असेल तर आजच काढा. कीवर्ड कोंबणं म्हणजे काय हे समजावताना गूगलच्या स्पॅम नियमांत शहरं आणि भागांच्या असल्या याद्यांचंच उदाहरण दिलंय. पार्श्वभूमीच्या रंगात लपवलेली अक्षरंही त्याच नियमांत येतात. आणि फक्त गावाचं नाव बदलून तीच पंचवीस पानं केली असतील तर तोही वेगळा गुन्हा आहे.

खरंच कोथरूडला जात असाल तर एका वाक्यात सांगा: "कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागांत आम्ही त्याच दिवशी येऊ शकतो. हडपसरला एक दिवस आधी कळवा." यात जागेची नावं आली आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काहीतरीही आलं.

७. लोक कुठल्या शब्दानं शोधतात? (दोन-तीन तास, तरी फुकट)

इथे घाई करू नका. खरी दुरुस्ती इथूनच सुरू होते.

सर्च कन्सोलमध्ये कामगिरीचा अहवाल असतो. त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे आकडे मिळतात. नव्यानं जोडलं असेल तर दिसायला काही दिवस लागतील. आपलं एक पान निवडा आणि लोकांनी टाकलेल्या शब्दांची यादी बघा. पान दिसतंय पण क्लिक नाहीत असे शब्द बाजूला काढा. टाकीवाल्यांच्या यादीत "पाणी टाकी सफाई पुणे" होतं, पण खाली. वर काय होतं? टाकी साफ करणारे. टाकी धुण्याचा खर्च. पाण्याला वास येतो टाकी. सोसायटीची टाकी किती दिवसांनी धुवावी. आणि बरेचसे शोध रोमन लिपीत टंकलेले, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. ही रोमन स्पेलिंगं पानावर ओतू नका. त्या शोधांत तुमचं देवनागरी पान दिसतंय म्हणूनच तर ते शब्द या यादीत आलेत.

त्यानंतर फोनवर मराठी कळफलक लावा, गूगलमध्ये 'टाकी' लिहून थांबा आणि खाली काय सुचतं ते टिपा. निकालांच्या मधे प्रश्नांची पेटी येते तीही उघडा. गूगल ट्रेंड्समध्ये दोन शब्दांची तुलना करता येते, पण मराठी शब्दांना पुष्कळदा तिथे पुरेसे आकडेच नसतात. मग तो नाद सोडायचा.

एक शब्दप्रयोग दिसला की मला पानाचा उगम कळतो: "माझ्या जवळील टाकी सफाई सेवा". अहो, असं कोण बोलतं? हे इंग्रजीतल्या शोधाचं शब्दाला शब्द भाषांतर आहे. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरात तर ते हमखास सापडतं. शोधणारा कुठे आहे याचा अंदाज गूगल स्वतः घेतं. तुम्ही स्वतःच्या पानावर "माझ्या जवळ" लिहून कुणाच्या जवळ ते तरी कसं कळणार?

लोकांचा शब्द आणि तुमचा शब्द वेगळा असण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला कोल्हापूरकडच्या एका मसालेवाल्या काकूंकडे मिळालं. त्यांच्या पानावर सगळीकडे 'चटणी'. तिकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक 'चटणी' वाचून इडलीबरोबरची समजतं आणि पुढे जातं. आधीच्या लेखकानं उपाय म्हणून प्रत्येक ओळीत "कांदा लसूण मसाला कोल्हापूर" घातलं होतं. आम्ही ते सगळं काढलं आणि काकू फोनवर जे म्हणाल्या तेच वाक्य वर ठेवलं: "आमच्याकडं हिला चटणी म्हणतात, तुम्ही कांदा-लसूण मसाला म्हणता, पण डब्यात आहे ते एकच." दोन्ही शब्द आले, तेही एका वाक्यात, आणि वाचून कुणाचं डोकं दुखत नाही.

८. पान काही सांगतं का? (एक दिवस)

शब्द मिळाले. आता ते घालायचे कुठे हा प्रश्न चुकीचा आहे. त्या शब्दांमागे एकेक विचारणा आहे आणि पानानं तिचं उत्तर द्यायचंय. उत्तर देताना शब्द आपोआप येतात, आणि हव्या त्या रूपात येतात.

मी मालकाला गिऱ्हाईक बनून फोन करतो. टाकीवाल्यांना केला.

"दादा, टाकी धुवायचीय. पहिलं काय विचारतात लोक तुम्हाला?"

"पाणी किती वेळ बंद राहणार, हेच. बायका तर दुसरं काही विचारतच नाहीत."

"मग?"

"मग काय, हजार लिटरची असली तर दीड तास. आदल्या रात्री पंप लावू नका म्हणतो, नाहीतर भरलेली टाकी ओतून द्यावी लागते. जीव तुटतो हो पाणी सोडताना."

यातलं एक अक्षर पानावर नव्हतं. दहा मिनिटं ते बोलले, मी लिहून घेतलं, आणि पानाची सुरुवात अशी झाली:

"पुण्यात घरच्या गच्चीवरच्या आणि सोसायटीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या आम्ही धुऊन देतो. हजार लिटरच्या टाकीला साधारण दीड तास लागतो, तेवढा वेळ नळाला पाणी येणार नाही. आदल्या रात्री पंप लावू नका, म्हणजे भरलेलं पाणी ओतून द्यावं लागणार नाही. आधी तळाचा गाळ उपसतो, मग भिंती घासतो, शेवटी दोनदा खळबळून धुतो."

"पाणी टाकी सफाई पुणे" हा तुकडा यात एकदाही नाही. पाणी, टाकी, धुणं, पुणं, गाळ, सोसायटी सगळं आहे. खाली दोन मथळे घातले: "टाकी धुण्याचा खर्च कशावर ठरतो?" आणि "पाण्याला वास येत असेल तर". दुसऱ्याखाली मालकांनी स्वतःहून सांगितलं की दर वेळी दोष टाकीचा नसतो, कधी येणाऱ्या पाण्यातच वास असतो, तर आधी खालच्या नळाचं पाणी हुंगून बघा. असलं वाक्य कुठलंही कीवर्डचं साधन सुचवणार नाही.

ही पायरी टाळता येत नाही. कोंबलेले शब्द काढले आणि आत काही नसलं तर उरतं एक सभ्य भाषेतलं रिकामं पान. तेही वर येत नाही.

९. लिपीचे घोळ (आपल्याच वाट्याचे)

वरचं सगळं ठीक असूनही शब्द सापडत नसतील तर हे बघा.

जुन्या पत्रकातला मजकूर थेट चिकटवला असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, आहे का? डीटीपीच्या जमान्यातले कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉन्ट पडद्यावर मराठी दाखवतात, पण आत अक्षरं रोमन असतात. मजकूर कॉपी करून फोनवरच्या संदेशात टाका. अगम्य अक्षरं आली तर गूगललाही तेच दिसतंय. परिवर्तक वापरून मजकूर बदलून घ्या आणि नंतर जोडाक्षरं हातानं तपासा, विशेषतः र्‍या, त्र, क्ष.

माहिती चित्रात आहे का? दर, वेळा, पत्ता हे सगळं सुंदर पोस्टरमध्ये आणि खाली मजकूर काहीच नाही, असं फार असतं. बोट ठेवून शब्द निवडता आला नाही तर ते चित्र आहे. तेच खाली टंका.

'ॲ' दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक सलग अक्षर, दुसरं 'अ'वर चंद्र ठेवून. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. 'ॲसिड' पानावर असूनही शोधात सापडत नसेल तर हे कारण असू शकतं. एकच तऱ्हा ठरवा.

आणि पानाचा पत्ता. वर्डप्रेस त्यासाठी २०० अक्षरांची जागा ठेवतं. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, तिथे ९ अक्षरं खातं. म्हणजे बावीसच्या आसपास चिन्हांत जागा संपली. "पाण्याची टाकी किती दिवसांनी धुवावी" या लेखाचा पत्ता तुटून "पाण्याची-टाकी-किती-दिवसा" एवढाच राहिला होता. क्रमवारीला यानं फारसा धक्का बसत नाही, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना लाज वाटते. पत्ता हातानं छोटा लिहा. मात्र जुन्या, चालत्या पानाचा पत्ता बदलू नका. ते काम पुढच्या यादीतलं आहे.

दुरुस्तीनंतर

सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून पुन्हा तपासणीची विनंती करा आणि थांबा. काही बदल तासांत दिसतात, काहींना महिने लागतात. निदान काही आठवडे तरी पान हलवू नका. रोज एक शब्द बदलणाऱ्याला कुठल्या बदलानं काय झालं हे कधीच कळत नाही. मी तारीख आणि बदल एका वहीत लिहून ठेवतो. टाकीवाल्यांच्या पानाला सहा आठवडे लागले. आधी "किती दिवसांनी धुवावी" या शोधावर ते वर सरकलं, पुण्याचे फोन नंतर आले.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढचं काही दिसलं तर स्वतः हात घालू नका. मीही घालत नाही.

सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन्स'खाली काही नोंद असेल तर गूगलच्या माणसानं पान बघून कारवाई केली आहे. पूर्ण साइट साफ करून पुनर्विचाराची विनंती करावी लागते, आणि अर्धवट साफ करून केलेली विनंती फेटाळली जाते.

तुमच्या नावाखाली गूगलमध्ये जपानी अक्षरं, औषधं किंवा जुगाराची पानं दिसू लागली तर साइट फोडली गेली आहे. हा शब्दांचा प्रश्न नाही. होस्टिंगवाल्याला आणि डेव्हलपरला त्याच दिवशी फोन करा.

सगळ्या पानांची वाचकसंख्या एका दिवसात कोसळली, किंवा डोमेन (वेबसाइटचं मुख्य नाव) बदलल्यावर कोसळली, तर कारण तांत्रिक असण्याची शक्यता मोठी. एकाच विषयावरची पंधरा-वीस पानं एकत्र करायची असतील, जुने पत्ते नव्याकडे वळवायचे असतील, तेही माहितगाराकडूनच करून घ्या. चुकीचं वळण लागलं तर चालती पानंही जातात.

आणि पान आजार, औषध, कायदा किंवा पैशाच्या गुंतवणुकीबद्दल असेल तर मजकूर त्या त्या डॉक्टरनं, वकिलानं किंवा सीएनं वाचल्याशिवाय चढवू नका. माझ्यासारख्यानं वाक्यं सुधारली म्हणून माहिती बरोबर ठरत नाही.

बोलवाल त्याला सर्च कन्सोलमध्ये फक्त बघण्यापुरता प्रवेश द्या, मालकी स्वतःकडे ठेवा. शेवटचे बदल कधी, कुणी केले ती वही समोर ठेवा. तो "महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही असं खुद्द गूगलनं लिहून ठेवलंय.